ज्याचा बिल्ला, त्याचा हात

४ फेब्रुवारी

भोंगाबाई,

पत्र पोचलं. पाकिटातूनसुद्धा तुझा आवाज ऐकू येतो, शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. दोन महिने पत्र नाही, मेलास की काय, असं विचारलं आहेस. अजून नाही. पण तू विषय काढलाच आहेस तर सांगून टाकतो.

माझ्या यकृतात गाठ निघाली आहे. कॅन्सरची. लगेच बसू नकोस, आधी चूल बंद कर, मग बस.

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. पगाराच्या दिवशी यार्डातले सगळे पिऊन पडायचे आणि मी त्यांना घरोघर पोचवायचो. तरी यकृत बिघडलं ते माझं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. डॉक्टर म्हणतात, तरुणपणी कावीळ झाली होती ती अंगात दबा धरून बसली होती, तिचा हा प्रताप.

कापून काढता येणार नाही, कारण बाकीचं यकृतही धड नाही. त्याऐवजी जांघेतल्या रक्तवाहिनीत दोऱ्याएवढी नळी घालतात, ती वर वर नेतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत नेऊन थांबवतात. तिथे औषध सोडायचं आणि मागून बारीक मणी सोडून फांदी बुजवून टाकायची. गाठ उपाशी मरते. मी डॉक्टरला म्हटलं, म्हणजे ब्रँच लाइनचा वॉल्व्ह बंद. तो हसला, म्हणाला, अगदी तसंच. माणूस बरा आहे. मी त्याचं नाव नळीवाला ठेवलंय. तीस वर्षं मी या शहराच्या पाण्याचे वॉल्व्ह बंद केले, आता माझा कोणीतरी करणार.

धोकेही सांगितले त्याने. तुझी वहिनी कान टवकारून ऐकत होती, मी खिडकीबाहेर बघत होतो. पित्ताच्या खड्यांच्या वेळी आत एक नळी बसवली होती ना, त्यामुळे माझ्या बाबतीत जंतू वर शिरून यकृतात पू होण्याची भीती जास्त आहे म्हणे. एकदा उतरलेला ताप थंडी वाजून परत आला तर ताबडतोब या, मी असो वा नसो, असं त्याने दोनदा बजावलं.

यार्डातून रजा घेतली. माझे दोन्ही बिल्ले फळीवर टांगून आलो, आता परत जाऊन उचलायचे तेवढेच. तुझी वहिनी काही बोलत नाही. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे कपडे दुरुस्त करते आणि तिच्या स्वतःच्या करड्या कोटाचं अस्तर खाली लोंबतंय. दिव्याखाली अंधार. सांगितलं तर म्हणते, आधी तुमचं होऊ दे.

तू येऊ नकोस. बोलावीन तेव्हा ये.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

चूल बंद केली आणि बसले. मग उठलेच नाही.

एवढं सगळं झालं आणि तू मला आत्ता सांगतोस? दोन महिने काय करत होतास, विनोद जुळवत होतास? मी बहिरी आहे, मेलेली नाही. मिलच्या ऑफिसातला कारकून तुमच्या इथला फोन घेऊन मला लिहून देऊ शकला असता. पण नाही. तुला सगळं झाकून ठेवायची खोड, आणि वहिनीने गप्प बसायचं व्रत घेतलेलं. छान जोडा जमलाय.

मी आत्ता निघायला तयार आहे. तू नको म्हणतोस म्हणून थांबले आहे, पण मनातून नाही.

मागच्या खेपेला आले होते तेव्हाचं आठवतं ना? जेवताना तू वहिनीच्या पाठीमागून नुसते ओठ हलवून मला साहेबाची नक्कल सांगत होतास आणि माझ्या नाकातून सूप आलं. वहिनी उठून गेली होती. आमच्या मागखात्यात हजार मागांच्या खडखडाटात सगळ्याजणी ओठांनीच बोलायच्या, कान गेले तरी मला फारसं अडलं नाही. तू मात्र केवळ चावटपणा करायला शिकलास.

आणि एक विचारते. वॉल्व्ह बंद करणार म्हणतोस, मग बिल्ला कोणाचा लागणार? तुझा की नळीवाल्याचा?

तुझी,
भोंगा

२० फेब्रुवारी

भोंगाबाई,

झालं एकदाचं. टेबलावर उताणा पडून मी सगळं पडद्यावर बघत होतो. आपल्या आतल्या नळ्या बघणं फार गमतीचं असतं. झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात आणि त्यातली एक फांदी दिवा मालवावा तशी हळूहळू दिसेनाशी झाली. तो म्हणाला, बंद. मी म्हटलं, शाबास.

नंतरचे दिवस गमतीचे नव्हते. उजव्या बरगडीखाली कोणी तापलेली वीट ठेवून दिल्यासारखं दुखलं. ओकाऱ्या झाल्या, ताप आला. पण हे होतंच म्हणाले. गाठ मरते त्याचा तो ताप. मला ते लगेच पटलं. आपण मोठा वॉल्व्ह बंद केला की लाइन कुरकुरते, नळांतून गढूळ पाणी येतं, लोक शिव्या देतात. तिला कुरकुरू द्यायचं असतं. आता ताप उतरलाय, घरी आलोय, सूप पितो आणि भिंतीकडे बघतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बिल्ला नळीवाल्याचा. नियम तोच, ज्याचा बिल्ला, त्याचाच हात. प्रत्येकाचे एका नंबरचे दोन बिल्ले, एक बंद केलेल्या वॉल्व्हवर टांगायचा, दुसरा खिशात. ज्याच्या खिशात जोड आहे त्याच्याशिवाय तो वॉल्व्ह कोणी उघडायचा नाही, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप. आमच्या यार्डातला लांब्या, तो मोठ्या नळात उतरला होता आणि साहेबाने वॉल्व्हवरचा बिल्ला बघूनही न बघितल्यासारखं करून तो उघडला, त्याचं काय झालं हे तुला ठाऊक आहे. आम्ही त्याला खालच्या टाकीतून बाहेर काढला. त्या दिवसापासून हा नियम आम्हाला जिवापेक्षा मोठा आहे.

पळवाट एकच. माणूस स्वतः येऊ शकत नसेल तर तो आपल्या हाताने खिशातला बिल्ला दुसऱ्याला देतो. मग त्या दुसऱ्याचा शब्द तो त्याचा शब्द. माझा पाय मोडला होता तेव्हा मी मुकादमाला दिला होता. एकदाच.

रिकामा बसवत नाही म्हणून तुझ्या वहिनीच्या कोटाचं अस्तर मीच शिवून टाकलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सुरुवात केली होती, घरी आल्यावर पुरं केलं. ती बघून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, हे टाके आहेत की तारा पिळल्यात? पण घालते.

दादा

२६ फेब्रुवारी

दादा,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. ताप उतरला, हे वाक्य मी मिलमधल्या तिघींना वाचून दाखवलं. माझा आवाज म्हणजे चौथ्या खात्यापर्यंत बातमी गेली.

कुरकुरू दे तुझ्या लाइनला. गढूळ पाणी जाईल, मग स्वच्छ येईल. मी सुट्टी टाकून ठेवली आहे, एप्रिलमध्ये येते. वहिनीला माझ्याकडून सांग, टाके उसवू नको म्हणावं, फिटरच्या हातचा कोट जगात कोणाकडे नसेल.

भोंगा

५ मार्च

भोंगे,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. 

ताप परत आलाय. तीन दिवस झाले. आधी थंडी भरते, इतकी की पलंग वाजतो, मग भट्टी होते, मग घामाने गादी भिजते. दुपारी येतो, तुझी वहिनी दुकानात असते तेव्हा. ती यायच्या आत मी गादी उलटी करतो आणि थर्मामीटर झटकून ठेवतो. तिने बिचारीने महिनाभर नीट झोप घेतलेली नाही. तिला यातलं काही लिहू नकोस. तुला सांगतो कारण कुणाला तरी सांगायला पाहिजे.

मला बजावलेलं आठवतं. विसरलेलो नाही. मी दवाखान्यात निरोपही पाठवला. नळीवाला परगावी गेलाय, सोमवारी येतो. त्याच्या जागी कोणी तरुण डॉक्टर आहे, तो म्हणाला आत्ताच्या आत्ता या. हुशार असेल, मी कुठे नाही म्हणतो? पण हा वॉल्व्ह त्याने बंद केलेला नाही. आत कुठे काय बुजवलंय हे नळीवाल्याच्या हाताला माहीत. दुसऱ्याने येऊन आत खुडबूड करायची आणि मी टाकीतून बाहेर निघायचा? सोमवारपर्यंत कळ काढतो. लाइन जरा जास्त कुरकुरतेय, एवढंच.

डोळे पिवळे झाल्यासारखे वाटतात. कदाचित खिडकीतल्या उन्हाने.

दादा

१० मार्च

दादा,

गाढवा. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. उभ्या उभ्या लिहिते आहे.

तुझं अंग म्हणजे शहराची लाइन नाही! लांब्या मेला कारण साहेबाने नियम मोडला. तू मरशील तो नियम पाळून. ज्याने वॉल्व्ह बंद केला त्यानेच तुला तोंडाने सांगितलं ना, मी असो वा नसो, या म्हणून? मग त्याने आपला बिल्ला सगळ्या दवाखान्याला दिला होता, हे तुझ्या टाळक्यात कसं शिरलं नाही?

कारकुनाने वहिनीच्या दुकानात दोनदा फोन लावला, कोणी उचलत नाही. हे पत्र रात्रीच्या टपालाने टाकते. तू हे वाचशील तेव्हा घरी असलास तर माझी शपथ आहे, वहिनीला हाक मार आणि गादीची खालची बाजू तिला दाखव. मला तुझा राग आलाय आणि भीती वाटते आहे, दोन्ही एकदम. मागच्या पत्रात मी कुरकुरू दे म्हणून लिहिलं, ते पत्र फाडून टाक.

भोंगा

१३ मार्च

वन्सं,

तुमचं त्यांच्या नावाचं पत्र मी उघडलं. ते वाचण्याच्या स्थितीत नाहीत.

रविवारी मी दुकानातून लवकर आले, तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते. अंग इतकं तापलेलं की हात लावून मी मागे घेतला. मला ओळखलं नाही. मलाच ‘मुकादम’ म्हणून हाक मारत होते. दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. यकृतात, जिथे गाठ बुजवली होती तिथेच, मुठीएवढा पू झालाय. जंतू रक्तात गेलेत. बरगड्यांमधून नळी घालून पू बाहेर काढतायत, बाटलीत सारखा ठिबकत असतो. लघवी जवळजवळ थांबली आहे. श्वास पुरेना म्हणून मशीनवर ठेवलंय.

सोमवारी त्यांचे डॉक्टर आले. त्यांनी कागद बघितले, मग मला विचारलं, ताप कधीपासून होता? मी म्हटलं, नव्हता.  तुमच्या पत्रात गादीचं वाचलं तेव्हा मला कळलं की मी काय उत्तर दिलं होतं. किती रात्री मी त्या गादीशेजारी झोपले, वन्सं. माझ्याच घरात मला माहीत नव्हतं आणि तुम्हाला इतक्या लांब माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, मी नव्हतो तरी माझी माणसं होती ना, लगेच आला असतात तर नळी टाकून भागलं असतं. मग तेच म्हणाले, असं आता बोलून उपयोग नाही, माफ करा.

मी सांगितलंय, जे जे करता येईल ते सगळं करा. या तुम्ही. आता विचारत बसू नका.

वहिनी

२ मे

वन्सं,

तुम्ही परत गेल्यापासून तुमची दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण जे मनात होतं ते लिहायचं नव्हतं. आता लिहिते, नाहीतर ते सडेल.

तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी घातलेली होती. आवाज नव्हता. कधी डोळे उघडत, कधी नाही, अंग हळदीसारखं पिवळं. मी आठ दिवस त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसत होते. त्यांचे ओठ हलायचे. मला काही कळायचं नाही. नर्स म्हणायची, ग्लानीत हलतात. मग तुम्ही आलात, समोर उभ्या राहिलात, आणि ते तुमच्याकडे बघून बोलायला लागले. मी बाजूला उभी. पूर्वी टेबलाशी व्हायचं तसंच.

डॉक्टर त्या सकाळी मला विचारून गेले होते की मूत्रपिंडाचं मशीन लावायचं का. यकृत चालत नाही, सुधारण्याची आशा फार थोडी, पण तुम्ही म्हणाल तर लावू. मी हो म्हणणार होते. तुम्ही वळून मला म्हणालात, वहिनी, तो पुरे म्हणतोय, नको लावू म्हणतोय. तुमचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. आणि मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

आता मी रोज दुकानात मशीनवर बसते आणि विचार करते. तुम्ही वाचलंत ते खरं कशावरून? इतकं पिवळं पडलेलं, भ्रमात असलेलं माणूस, ओठ सुकून फुटलेले. तुम्हाला त्यांचे हाल बघवत नव्हते. तुम्हाला जे वाटत होतं तेच तुम्ही त्यांच्या ओठांवर बघितलं नसेल कशावरून? जन्मभर तुम्ही दोघं माझ्यासमोर ओठ हलवत होतात आणि मी विचारलं की काही नाही गं म्हणायचात. शेवटीसुद्धा मला बाहेरच ठेवलंत. त्यांना माझ्याशी काहीच बोलायचं नव्हतं? तीस वर्षांच्या संसारात एक शब्द नव्हता?

सही मी केली आहे. तुम्ही गाडीत बसून गेलात.

मुकादम परवा आले होते. हिशेबाला एक बिल्ला कमी भरतो म्हणाले. फळीवर एकच सापडला, खिशातला नाही. तो परत द्यावा लागतो म्हणे. मी सगळे खिसे, हत्यारांची पेटी, सगळं बघितलं. तुम्हाला काही बोलले होते का, तेवढं कळवा.

वहिनी

९ मे

वहिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने फाडणार होते. दुसऱ्यांदा रडले. तू लिहिलंस ते बरं केलंस, आमच्या घरात कोणीतरी लिहायलाच हवं होतं.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं सांगते, तुला खरं वाटो न वाटो.

त्याने मला बघितल्यावर आधी म्हटलं, आलीस भोंगे. मग म्हणाला, पुरे. मी म्हटलं, काय पुरे? तेव्हा डोळ्यांनी त्या श्वासाच्या मशीनकडे दाखवलं आणि म्हणाला, बंद. मी त्याला तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, वहिनी. मूत्रपिंडाचं मशीन लावू का? तर, नको. घरी जायचं का? तर, आता कुठलं घर. दुखतंय का? तर मला म्हणाला, तुला काय वाटतं? भ्रमातला माणूस असा टोमणा मारत नाही. माग चालू असताना वीस हात लांबच्या बाईचे ओठ मी वाचले आहेत, त्याचे तर वीतभर अंतरावर होते.

मी म्हटलं, वहिनी ऐकणार नाही.  त्याने श्वास गोळा केला. मग म्हणाला, तिचा शब्द तो माझा शब्द. बिल्ला तिला दिलाय.

आणि इथे माझं चुकलं. मला तो भ्रम वाटला. कारण त्याने मला स्वतः लिहिलं होतं, दोन्ही बिल्ले यार्डात फळीवर टांगलेत. शिवाय पुढे तो कोट, कोट म्हणायला लागला. कोटात. अस्तरात. मला वाटलं, त्याला थंडी वाजते आहे, किंवा ते शिवणकाम आठवतंय. म्हटलं, हे वहिनीला सांगितलं तर ती म्हणेल सगळंच बरळणं आहे, आणि मग पुरे म्हणाला तेही तिला बरळणंच वाटेल. म्हणून तेवढं मी गिळलं. झाकायची खोड त्याच्या एकट्याची नव्हती.

एक बिल्ला कमी भरतोय हे तुझ्या पत्रात वाचलं आणि त्याचा तो कोट आठवला.

तू कोट कुठे ठेवला आहेस, वहिनी? तो काढ. त्याने शिवलेली जागा बघ. तिथे काही नसलं तर मी खोटी, मी चुकीचं वाचलं, आणि तू मला उभ्या जन्मात पत्र लिहू नकोस. ते मला चालेल. पण बघितल्याशिवाय राहू नकोस.

भोंगा

१५ मे

वन्सं,

कोट ट्रंकेत सगळ्यात खाली होता. उन्हाळा लागला तेव्हा घडी घालून ठेवला होता.

डाव्या बाजूला, खालच्या दुमडीत. मी हे काम रोज करते, कोट नीट पडावा म्हणून कित्येकदा दुमडीत शिशाचं वजन शिवून देते. तरी मला कळलं नाही. चालताना काहीतरी गुडघ्याला लागायचं. मला वाटायचं, त्यांच्या टाक्यांचा गोळा झालाय. दुरुस्त करायचं मनात यायचं, पण हसू यायचं आणि राहून जायचं.

वरचे टाके त्यांनी तुम्हाला लिहिले होते तसे, जाड काळ्या दोऱ्याचे, तारा पिळल्यासारखे. ते उसवले. आत रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. एकेचाळीस नंबर. कड झिजलेली, भोकात अजून थोडा गंज.

तुम्ही बरोबर वाचलंत. मी तुम्हाला लिहिलं ते मागे घेते.

त्यांनी हातात दिला असता तर मी घेतला नसता, हे त्यांना माहीत होतं. फेकून मारला असता. म्हणून शिवून दिला. यार्डातल्या फळीवरून तो परत उचलून आणला असणार, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीच त्यांनी ठरवलं होतं, आणि मी बाजूला बसून त्यांच्या टाक्यांना हसत होते. तुम्ही लिहिलंत तेव्हा एक शब्द तरी माझ्यासाठी होता हे कळलं, त्याचं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण वन्सं, एक गोष्ट मला सोडत नाही. तुम्ही यायच्या आधी आठ दिवस मी तोच कोट घालून त्यांच्या खाटेशी बसत होते. बिल्ला माझ्या अंगावर होता. माझा शब्द तो त्यांचा शब्द. आणि त्या आठ दिवसांत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तेव्हा मी म्हटलं, करा, सगळं करा. गळ्याला भोक पाडायला मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा नळी घालायला मी हो म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि नर्स म्हणाली, ते आपोआप येतं. त्यांचे ओठ हलत होते. मला वाचता येत नव्हतं.

ते तुम्हाला जे म्हणाले तेच आठ दिवस मला म्हणत होते ना?

याचं उत्तर लिहू नका. इकडे याल तेव्हा समोर बसून सांगा, आवाज न करता. मी शिकते आहे. दुकानातल्या मुलीला ओठ हलवायला लावते आणि बघत राहते. अजून फारसं जमत नाही.

कोटाचं अस्तर परत शिवलं, त्याच दोऱ्याने, त्यांच्याच भोकांतून सुई घालून. मुकादमांना निरोप पाठवलाय, खूप शोधला, घरात नाही.

वहिनी